मार्गशीर्षातली कोकिळा

मी आयुष्यातला पहिला सरकारी आदेश काढला. तोही चुकून, रविवारी सकाळी, बनियनवर बसून, एका हातात चहाचा कप असताना.

झालं असं, की आमच्या भावकीच्या ग्रुपवर टाकायला त्या दिवशी माझ्याकडे काहीच नव्हतं. बाकीच्यांची फुलं टाकून झाली होती, देव टाकून झाले होते, एका चुलतभावाने तर स्वतःच्या नव्या पंख्याचा फोटो टाकला होता. आपण मागे राहिलो असं वाटून मी दुसऱ्या एका ग्रुपवर हात घातला, तर तिथे एक लांबलचक मेसेज आणि त्याच्या शेपटाला एक आवाजाची क्लिप. मेसेजच्या डोक्यावर लिहिलेलं, 'शेतकऱ्यांनो, जागे व्हा.' पहिल्या चार ओळी वाचल्या. गाईबैलांच्या कानात तो नंबराचा पिवळा बिल्ला मारतात ना, त्याबद्दल काहीतरी होतं. आम्ही शहापुरात दुसऱ्या मजल्यावर राहतो, घरात पाल सोडून दुसरं जनावर नाही. पुढचं वाचायची गरज वाटली नाही. ढकललं पुढे.

नुसतं ढकललं असतं तरी निभावलं असतं. पण मी हायस्कूलमध्ये मुख्य लिपिक. तीसेक वर्षांत एकही कागद मी खाली एक ओळ लिहिल्याशिवाय टेबलावरून हलू दिलेला नाही. बोटं आपोआप चालली. खाली लिहिलं, 'माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर.' त्याखाली नाव. नावाखाली पद.

बायको म्हणते, की मी वाण्याच्या यादीखालीसुद्धा 'सोबत : पिशव्या दोन' असं लिहितो. ते खरं आहे. पण त्या पिशव्यांनी आजवर कोणाचं काही बिघडवलं नव्हतं.

मेसेज गेला, मग चहा पिता पिता मी ती क्लिप लावली. भारदस्त आवाज होता. "मी मुंबईच्या मोठ्या ऑफिसातून बोलतोय, नाव सांगता येत नाही, नोकरी जाईल," अशी सुरुवात. बिल्ल्यात चिप आहे. कोणाच्या दारात किती जनावरं हे वरून, आकाशातून दिसतं. यादी तयार आहे. यंदाची म्हशाची गुरांची जत्रा होऊ द्या, की ज्यांच्या कानात बिल्ला, ती जनावरं सरकारजमा. बिल्ला चुकवला, तरी यादीतून सुटका नाही. हे तुम्हाला टीव्हीवर दिसणार नाही, पेपरात येणार नाही. आणि जो कोणी म्हणेल की असं काही नाही, तो त्यांचाच माणूस समजा. ज्याला जमेल त्याने आपलं जनावर वेळेत विकून मोकळं व्हावं.

आवाजात अशी काही कळकळ होती, की माझा चहा निवला. शेतकऱ्यासाठी नोकरी पणाला लावणारा माणूस अजून आहे म्हणायचा.

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "अहो, ती मागे कोकिळा बोलतेय का?"

मी परत लावलं. खरंच, साहेब 'यादी तयार आहे' म्हणत होते तेव्हा मागे कोकिळा कुहूकुहू करत होती.

"मार्गशीर्षात कुठली कोकिळा?" ती म्हणाली.

"मुंबईची हवा वेगळी," मी म्हणालो. "आणि मोठ्या साहेबांच्या ऑफिसाबाहेर झाडं असतात."

"घसा बसलाय तिचा," ती म्हणाली. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि तो विषय तिथेच संपला. म्हणजे माझ्यापुरता संपला.

माझी थोरली बहीण मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे आत एका गावात दिलेली आहे. भाताची शेती, भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल. घरात ती आणि भावोजी. आणि दोन बैल. त्यांना नावं नाहीत, भावोजी एकाला थोरला म्हणतात आणि दुसऱ्याला धाकटा, आणि त्या दोघांनाच ते काही सांगतात. आम्हा बाकीच्यांशी त्यांचं बोलणं 'ये', 'बस' आणि 'निघालास का' एवढ्यात आटपतं. गावात आता पॉवर टिलर आलाय, पण डोंगराच्या अंगाला जी तळहाताएवढी खाचरं आहेत तिथे तो शिरत नाही. तिथे लावणीआधीच्या चिखलणीला भावोजींची जोडीच लागते. गावचे लोक टिलरवाल्याला फोन करतात आणि भावोजींच्या ओट्यावर येऊन बसतात, असा फरक आहे.

त्यांचा कान मात्र असा, की संध्याकाळी गुरं घरी येताना हे ओट्यावर पाठमोरे बसून सांगतात, ही अमक्याची गाय आली, हिच्यामागे तमक्याचा बैल राहिलाय. नुसत्या गळ्यातल्या घंटेवरून. मी एकदा परीक्षा म्हणून हातात घंटा घेऊन वाजवत अंगणात आलो, तर मागे न बघता म्हणाले, "निघालास का?"

तर आठवड्याने, पुढच्या रविवारी, ताईचा फोन.

"भाऊ, तुझा कागद वाचला रे. देवळात लावलाय."

"कुठला कागद?"

"असा काय करतोस? बिल्ल्याचा. तुझ्या नावाचा. कोनीतरी मुरबाडला जाऊन छापून आनला."

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"ताई, तो माझा कागद नाही गं. मला आला, मी नुसता पुढे पाठवला."

"तेच ना. तुझ्याकडं आला मंजे वरून आला." ताईच्या हिशेबी माझं टेबल आणि सरकार यांच्यामध्ये एक भिंत आहे, तीही पातळ. "सोमवारी डाक्टर आलते बिल्ले मारायला. तर हे दोघांना घेऊन जे रानात गेले, दिवेलागणीला आले. जेवले नाय काय नाय. आता गुरुवारी व्यापारी येतोय न्यायला."

"न्यायला म्हणजे? बैल विकताय?"

"मंग काय करू? सरकारनं न्यायच्या आधी दिलेले बरे. तो घेतच नव्हता बिचारा. नको नको म्हनत होता. त्या बिल्ल्याच्या भानगडीत मला पाडू नका म्हने. सगल्यांनी हात जोडले तवा तयार झाला. चांगला मानूस आहे." मग म्हणाली, "हे दोन दिस गोठ्यातच जेवतात."

फोन ठेवल्यावर मी तो मेसेज पहिल्यांदा पूर्ण वाचला. लिपिकाच्या नजरेने वाचला. आणि सांगायला लाज वाटते, पण मसुदा उत्तम होता. पहिला परिच्छेद अक्षरशः खरा: बिल्ला मारतात, त्यावर नंबर असतो, नंबराची नोंद होते. एवढं खरं वाचल्यावर माणूस मान डोलवायला लागतो, आणि मान डोलत असतानाच दुसऱ्या परिच्छेदात चिप येते. तिसऱ्यात आकाश. चौथ्यात, विचारू नका, विचारून काही मिळणार नाही, उलट नाही म्हणणाऱ्यालाच धरा. म्हणजे दार आतून बंद. आणि सगळ्यात शेवटी, घाबरून घामाघूम झालेल्या माणसाला एक छोटीशी खिडकी: विका.

जावक क्रमांक नाही, दिनांक नाही, सही नाही. शिपायाचा रजेचा अर्ज मी तारीख नाही म्हणून परत पाठवतो. आणि हा कागद माझ्या हाताने, माझ्या पदासह, मार्गस्थ झाला होता.

लढाईत शत्रूच्या मुलखात विमानातून पत्रकं टाकतात, तुमचा राजा पळाला, तुमचं धान्य संपलं असं काहीबाही लिहून, म्हणजे लोक आपणहून हत्यारं खाली ठेवतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मनावरची लढाई म्हणतात त्याला. मला वाटायचं त्याला मोठं सैन्य लागतं, विमान लागतं. इथे भीती घालणारं एक तोंड होतं आणि 'नको नको' म्हणत सोडवायला येणारं दुसरं. पत्रकं टाकायला मी होतो. फुकटात.

हे सगळं कळल्यावर मी काय केलं असेल? दुसरा आदेश काढला. 'वरील संदेश रद्द समजण्यात यावा. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' नाव, पद.

पाच मिनिटांत पंखेवाल्या चुलतभावाचं उत्तर आलं, "समजलो दादा," आणि पुढे जोडलेले हात. दुसऱ्या एका काकांनी नुसतंच लिहिलं, "काळजी घे." मला कळेना की हे काय समजले. ते ताईच्या दुसऱ्या फोनवर कळलं.

"तुला दम दिला का रे कोनी?" ती एकदम हळू आवाजात बोलत होती, जणू कोणी ऐकतंय.

"कोण दम देणार? अगं, ते खोटं आहे म्हणून रद्द केलं."

"असू दे, असू दे. नको सांगू. फोनवर नको. देवळात सगले तेच बोलत होते, की खरा लिवला मंजे आता त्याच्यावर आला दबाव. तू घाबरू नको. चारच वर्षं राह्यलीत ना तुझी नोकरीची? आमच्यापायी तुझ्यावर काय यायला नको. बैलांचं काय, आमी देतो विकून. मंग कोन कशाला तुला विचारतो."

माझी शाळा सुरू झाली तेव्हा गुरांमागे जायला घरात कोणीतरी हवं होतं, म्हणून ताईची शाळा चौथीत सुटली. त्याबद्दल ती कधी एक शब्द बोलली नाही, उलट माझ्या प्रत्येक निकालाला गावभर गूळ वाटत फिरली. आता ती माझी नोकरी वाचवायला बैल विकत होती. आणि तिच्या शहाण्या भावाने नुसतं तोंड उघडलं, तरी तिचा निर्धार आणखी पक्का होत होता.

बायकोने शेजारी बसून दोन्ही बाजू ऐकल्या होत्या. म्हणाली, "आता तो फोन खाली ठेवा. तुम्ही काही लिहिलं की लोक बैल विकतात. जा आणि तोंडाने सांगा."

"तोंडाने सांगून तरी ऐकतील का?"

"नाही ऐकलं तर बैलांच्या पुढ्यात बसा. टेम्पोत चढवायचे तर तुम्हाला ओलांडून चढवावे लागतील."

शाळेची तपासणी असल्याने गुरुवारपर्यंत हलता आलं नाही. गुरुवारी किरकोळ रजेचा अर्ज टाकला, कारण 'घरगुती', आणि किन्हवलीमार्गे जाणारी एस.टी. पकडली. मार्गशीर्षातला गुरुवार. खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक अंगणात रांगोळी होती, शेतात पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, वाल हाताएवढे झालेले. लक्ष्मीच्या वाराला ताईच्या दारातनं बैल जाणार, या विचाराने मला सरळगावपर्यंत शेंगदाणेही खावेसे वाटले नाहीत. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण बायकोला ते खरं वाटत नाही.

गावात शिरताच देऊळ. भिंतीवर माझा आदेश. कोणीतरी वर प्लास्टिक लावून दवापासून त्याचं रक्षण केलं होतं. माझ्या कुठल्याही कागदाची आजवर एवढी काळजी कोणी घेतलेली नाही. खालच्या दोन ओळी छापणाऱ्याने जाड करून घेतल्या होत्या.

तो मी काढतोय तेवढ्यात देवळामागच्या घरातली म्हातारी मावशी दारात आली. एकटीच राहते. लहानपणापासून मी ताईकडे गेलो की तिच्या गाईचं दूध घातलेला चहा ठरलेला.

"आलास का रं भाऊ? ये, चहा घे."

मी ओट्यावर बसलो. तिने पितळीत चहा आणला. कोरा.

"दूध नाय रं," ती म्हणाली. "गाय दिली मंगळवारी. तुझा कागद वाचून दाखवला मला सगला." मी मान वर केली नाही. ती पुढे म्हणाली, "बरा झाला तू लिवलास. नायतर फुकट नेली असती सरकारनं. व्यापाऱ्यानं निदान काहीतरी हातावर ठेवला."

ती रागावली असती तर मी उत्तर शोधत बसलो असतो. ती आभार मानत होती. मी तो कोरा चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यालो आणि तिला काही न सांगता उठलो. त्या वेळी तेवढंच जमलं.

ताईच्या अंगणात पाचसात माणसं जमली होती. भावोजींनी सकाळीच बैलांना ओढ्यावर नेऊन धुतलं होतं, शिंगांना तेल लावलं होतं. गळ्यात पोळ्याच्या घंटा बांधल्या होत्या. ते धाकट्याच्या मानेवरून हात फिरवत पाठमोरे उभे होते. मला 'ये'सुद्धा म्हणाले नाहीत.

मी बोललो. चांगलं पंधरा मिनिटं बोललो. बिल्ल्यात चिप नसते, नुसता नंबर असतो. लसीची नोंद राहते. यादी वगैरे काही नाही. शाळेत स्नेहसंमेलनाला अध्यक्ष बोलतात तसा बोललो आणि तेवढाच परिणाम झाला.

एकजण शेजाऱ्याच्या कानात, पण मला ऐकू येईल असं म्हणाला, "आता सरकारनं ह्यालाच धाडला."

"कागदात लिवलाच होता," शेजारी म्हणाला. "जो नाय म्हनंल, तो त्यांचा."

"अरे, तो कागद माझाच होता ना," मी म्हणालो.

"म्हनून तर," तो म्हणाला.

ताईने मला बाजूला ओढलं. गुरुवारचा उपवास, डोळे सुजलेले. "गप रे आता. बोललास ना तुला वरून सांगितला तसा? झाला तुझा काम. कोन विचारला तर आमी सांगू, हा आला होता, नको म्हनत होता."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टेम्पो आला. व्यापारी खाली उतरला. पन्नाशीचा, खांद्यावर टॉवेल, बोलणं तुपासारखं. "काका, अजून विचार करा बरं का. माझी काय जबरदस्ती नाय. मला तर नकोच आहेत." ड्रायव्हरला त्याने हाताने खूण केली, आणि टेम्पो अंगणाकडे मागे यायला लागला.

आणि कोकिळा बोलली.

गाडी मागे घेताना वाजतो तो हॉर्न होता. एकदा कुहू, दुसऱ्यांदा कुहू, आणि तिसऱ्यांदा अर्ध्यावरच गळा दाटल्यासारखी बंद.

माझ्या कानात बायको म्हणाली, घसा बसलाय तिचा.

मी खिशातून फोन काढला. आधी लागली ती दुसरीच क्लिप, कोणी बाई खोकल्यावर आल्याचा काढा कसा करावा ते सांगत होती. ती बंद करताना आणखी मोठी झाली. मग एकदाची सापडली. "यादी तयार आहे," साहेबांचा भारदस्त आवाज अंगणात घुमला, आणि त्यांच्या मागे कुहू, कुहू, आणि अर्धी कु.

सगळ्यांना नीट कळलं नाही. पण भावोजींचा हात धाकट्याच्या मानेवर थांबला. ते वळले.

"परत लाव," ते म्हणाले.

मी परत लावलं.

"काका, हॉर्न आहे तो," व्यापारी हसून म्हणाला. "बाजारात मिलतो. असे छप्पन टेम्पो फिरत असतील."

"असतील," भावोजी म्हणाले. "गाडी जरा पुढं घ्या."

"कशाला?"

"घ्या तर. आनि मागं या."

व्यापारी काही बोलणार तोवर ड्रायव्हरने गाडी पुढे नेलीसुद्धा. तो बिचारा आत बसलेला, त्याला वाटलं जागा पुरत नाहीये. मग मागे. कुहू, कुहू, अर्धी कु. आणि आता सगळ्यांनी कान लावलेले असल्यामुळे आणखी एक ऐकू आलं. त्या अर्ध्या 'कु'नंतर एक बारीक 'टक'.

"लाव," भावोजी मला म्हणाले.

क्लिप. कुहू, कुहू, अर्धी कु. टक.

भावोजींनी व्यापाऱ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही. त्यांना तो चढवता येत नसावा. "हॉर्न मिलत असंल बाजारात," ते म्हणाले. "ह्यो टक कुठं मिलतो? आमच्या धाकट्याच्या घंटेचा लोलक घासलेला हाय. शंभर बैलांत सोडा, मी त्याला डोळे मिटून आनीन."

मग मागे उभ्या असलेल्या एका बाईने पदर तोंडाला लावला. "अगं बाय," ती म्हणाली, "साहेबाचा हापिस टेंपोत हाय."

आणि अंगण हसायला लागलं. पंधरा मिनिटांच्या माझ्या भाषणाने जे हललं नाही, ते त्या हसण्याने मोडलं. जो मला सरकारी माणूस म्हणाला होता तोच मांडीवर थाप मारून सगळ्यात मोठ्याने हसत होता. घाबरलेली माणसं हसली की आपण कशाला घाबरलो होतो तेच त्यांना आठवेना. भावोजींनी बैलांची दावी सोडली, त्यांना गोठ्यात नेलं आणि बांधलं. पोळ्याच्या घंटा काढून कनवटीला लावल्या. ताई रडत होती आणि हसतही होती, आणि मधूनच माझ्या पाठीत धपाटे घालत होती.

"मंग माझी गाय?"

मावशी कधी येऊन कुंपणाशी उभी राहिली होती, कोणाला कळलं नव्हतं. हसणं थांबलं.

व्यापारी टेम्पोत चढत होता. त्याने खाली बघितलं. "ती पुढं गेली, मावशी," तो म्हणाला. "मी कुठं ठेवतो." आणि दार लावून घेतलं. टेम्पो गल्लीतून बाहेर पडताना कोणीतरी मागून 'कुहू' केलं. पण तोपर्यंत त्यात मजा राहिली नव्हती.

मी तिथूनच जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. येत्या सोमवारी परत येतो, बैल रानात नेऊ नका म्हणावं, म्हणाले. गाईचं विचारलं तर म्हणाले, "कानात बिल्ला होता का?"

"नाही. त्या दिवशी तिने मारू दिला नाही. माझा कागद वाचून."

"असता तर नंबरावरून शोध घेता आला असता," ते म्हणाले. "आता त्याने कुठेतरी दुसऱ्याच्या नावाने बिल्ला मारून घेतला असेल. तरी बघा. जत्रेत येईल कदाचित. मावशींना बरोबर न्या, त्याच ओळखतील."

मी मावशीला सांगितलं. सगळं सांगितलं, कागद खोटा होता आणि तो मीच पाठवला होता, तेही. तिने ऐकलं. "तुला तरी काय माहीत," ती म्हणाली, आणि मग, "डाव्या कानाला खाच हाय तिच्या. ओलखीन ना मी." निघताना ताईने गेल्या सालच्या सुक्या वालांची पिशवी भरून दिली. भावोजी ओट्यावर पाठमोरे बसले होते. मी चपला घातल्या, तर म्हणाले, "निघालास का?" आणि थोड्या वेळाने, जे ते सहसा करत नाहीत, आणखी एक वाक्य बोलले. "कागद कमी लिव."

घरी पोचलो तेव्हा बायकोची पूजा झाली होती, नैवेद्य झाला होता, ती चहा टाकत होती. मी तिथेच ओट्याला टेकून तिला सगळं सांगितलं, आणि खरं सांगायचं तर रंगवून सांगितलं. टेम्पो कसा मागे आला, मी कसा चपळाईने फोन काढला. काढ्याची क्लिप गाळली. भावोजींनी कोकिळा कशी पकडली ते तर आवाज काढून दाखवलं.

"कोकिळा कोणी पकडली म्हणालात?" तिने विचारलं.

"म्हणजे, पहिल्यांदा तूच म्हणाली होतीस तसं," मी म्हणालो.

"हं." ती चहा ढवळत राहिली. "बैल राहिले ते बरं झालं. आणि मावशींची गाय?"

मी ते शेवटी सांगणार होतो. घाईघाईने सांगितलं. बिल्ला नव्हता, जत्रेत बघायचं आहे, डाव्या कानाला खाच आहे.

"मग त्या आता चहा कशाचा पितात?"

"कोरा."

पातेल्यात ओतायला उचललेलं दुधाचं भांडं तिने परत झाकून ठेवलं. चहा तसाच गाळला, एक कप माझ्यासमोर, एक स्वतःसमोर.

"जत्रेला तुम्ही रजा टाकून त्यांच्याबरोबर जायचं," ती म्हणाली. "एका दिवसात नाही सापडली तर दुसऱ्या दिवशी परत. गाय सापडेपर्यंत या घरात चहा कोराच होईल. माहितीस्तव, आणि योग्य त्या कार्यवाहीस्तव."